पगाराचा तास घेणाऱ्या जगताप मॅडम

प्रा. वत्सला जगताप मॅडमना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या एका खुर्चीवर उभ्या राहून वर्गाच्या दारावर कागद चिकटवत होत्या. कागदावर जाड अक्षरात लिहिलं होतं, ‘पगाराचा तास’. मी त्या दिवशी वाशीच्या आमच्या कॉलेजात प्रवेश घ्यायला आलोच नव्हतो. मित्राला कॉमर्सला जायचं होतं, खाली रांग होती, आणि रांगेत उभं राहणं मला जमत नाही. म्हणून उगाच जिने चढत होतो. कागद वाचून मला वाटलं, इथे तासावर काही काम मिळतंय.

"मॅडम, तासाला किती देणार?" मी विचारलं.

त्यांनी वरूनच माझ्याकडे पाहिलं. "आधी खुर्ची धर. हलतेय."

मी खुर्ची धरली. त्या उतरल्या, हात झटकले आणि म्हणाल्या, "काम नाही देत. पण आत बस. काम केल्यावर किती मिळतं ते तरी कळेल." मी आत बसलो तो समाजशास्त्राचा बीए होऊनच बाहेर पडलो. मधे मधे निघून जात होतो ते वेगळं.

मॅडम गेल्या महिन्यात साठीच्या झाल्या आणि सेवानिवृत्त झाल्या. त्यांच्या गौरवग्रंथात लिहायला समितीने मला का सांगितलं, हे मला अजून कळलेलं नाही. त्यांचे कितीतरी विद्यार्थी चांगल्या ठिकाणी आहेत. समितीच्या सरांनी फोनवर एकच सूचना दिली, "विषय सोडून भटकू नकोस." प्रयत्न करतो.

तर पगाराचा तास. ही मॅडमची स्वतःची पद्धत. दरवर्षी प्रवेशाच्या दिवसांत एका शनिवारी त्या जुन्या विद्यार्थ्यांना बोलावायच्या. समोर बारावी झालेली मुलं आणि त्यांचे आईबाप. जुन्या विद्यार्थ्याने उभं राहायचं आणि आपण काय काम करतो, किती कमावतो ते सांगायचं. आपल्याकडे माणूस आजार सांगेल, पगार सांगत नाही. त्यात मॅडमचे नियम कडक. पॅकेज सांगायचं नाही, कापून हातात येतं ते सांगायचं. पहिल्या नोकरीत किती होतं तेही सांगायचं. आणि मधे किती महिने घरी बसून काढले ते तर सांगायचंच.

महापेला एका कंपनीत एचआरला असलेली एक ताई मोठ्या रुबाबात "चार लाखांचं पॅकेज" म्हणाली होती, ते मला आठवतंय. मॅडम म्हणाल्या, "छान. आता खरं सांग." ताईने आवाज बारीक करून महिन्याचा आकडा सांगितला, तेव्हा मागच्या बाकावरची एक आई दुसरीला म्हणाली, "बरोबर आहे, माझ्या भाच्याचं पण असंच फुगवून सांगितलेलं, लग्नाच्या वेळी."

लग्नावरून आठवलं. या तासाचा एक घोटाळा मॅडमच्याही ध्यानात आला नव्हता. एक अविवाहित मुलगा उभा राहून सगळ्यांसमोर खरा पगार सांगतोय, आणि समोर साताऱ्याकडची, घणसोलीकडची, पनवेलकडची मुलीबाळींची माणसं बसलीयत. मग काय होणार? "गाव कुठलं?" "घरात कोण कोण?" "सोसायटीत स्वतःचा फ्लॅट आहे का?" असे प्रश्न सुरू झाले. बँकेत लागलेल्या एका मुलाचं तर खरोखरच तिथून जमलं. त्यानंतरच्या वर्षी पोरं कडक इस्त्रीचे शर्ट घालून यायला लागली आणि पगार आपोआप वाढले. मॅडमनी शेवटी जाहीर केलं, "स्थळं कँटीनमध्ये बघा. वर्गात फक्त पगार." बँकेतल्या त्या मुलाच्या लग्नाला मात्र त्या स्वतः गेल्या होत्या, अक्षता टाकल्या, आणि जेवताना नवरीला म्हणाल्या, "याने वर्गात सांगितलेला आकडा बरोबर आहे, मी तपासलाय."

समाजशास्त्र शिकून पैसा मिळतो का, या प्रश्नावर मॅडम कधी चिडल्या नाहीत. बाकीचे प्राध्यापक म्हणतात, ज्ञान पैशात मोजू नये. मॅडम म्हणायच्या, "ज्याच्या घरी पैसा आहे त्याने मोजू नये. बाकीच्यांनी मोजावं." त्यांचे वडील माथाडी कामगार होते, बाजारात गोणी उचलायचे. त्या माथाडी वसाहतीतच वाढल्या. त्यांचं म्हणणं असं, की पहिला पगार डिग्रीचा नसतोच, तो गरजेचा असतो. मिळेल ते माणूस धरतो. डिग्रीचा पगार पुढे कधीतरी हळूच सुरू होतो. हे मला पूर्ण पटलंय असं नाही. माझा अजून सुरू झालेला नाही.

मी दुसऱ्या वर्षाला असताना अचानक कॉलेजला जाणं बंद केलं. कारण विचारू नका, मलाही नीट सांगता येणार नाही. तेव्हा मॅडम आमच्या खांदेश्वरच्या घरी आल्या. खांदेश्वर स्टेशन तुम्ही पाहिलंय का? एवढं मोठं छत आणि एवढी मोकळी जागा की आपण चुकून विमानतळावर उतरलो असं वाटतं, आणि बाहेर आलं की समोर भाजीवाला. मला तिथे तासन्‌तास बसायला आवडतं. असो, विषय सोडायचा नाही.

माझे पप्पा महापेच्या कंपन्यांची बस चालवतात. त्यांनी मॅडमना खुर्ची दिली, चहा दिला, आणि मग मनातलं काढलं. "मॅडम, राग मानू नका. फी कमी आहे, मान्य. पण या तीन वर्षांत याने रिक्षा चालवली असती तर जे मिळालं असतं, ते पण याच डिग्रीच्या खर्चात धरायला नको का?"

मला वाटलं, आता मॅडम ज्ञानावर बोलणार. त्यांनी कप खाली ठेवला. "धरायलाच पाहिजे. अर्थशास्त्रात त्याला नाव पण आहे. संधीखर्च."

"नाव आहे त्याला?" पप्पा खूश झाले. पुढचे कित्येक दिवस ते बसमधल्या इंजिनिअर लोकांना संधीखर्च समजावत होते.

"आता दुसरी बाजू बघू," मॅडम म्हणाल्या. "याला रिक्षा दिली, तर हा संध्याकाळी घरी परत येईल?"

आई स्वयंपाकघरातून ओरडली, "कुठला येतोय! रिक्षा घेऊन गोव्याला जाईल तो!"

सगळे हसले, मी सोडून. दुसऱ्या दिवशी मी वर्गात होतो. मला रागावायला त्या आल्याच नव्हत्या. त्या आमच्या घरी हिशोब पूर्ण करायला आल्या होत्या, आणि हिशोबात मीही एक बाब होतो.

त्यांच्या शिकवण्याबद्दल इतर लेखक लिहितील. मी एकच सांगतो. आम्हाला तळवली गावात सर्वेक्षणाला नेलं होतं. घणसोलीजवळचं हे मूळ गाव, आता चारी बाजूंनी बिल्डिंगी. आम्ही दारात उभं राहून थेट विचारलं, "वार्षिक उत्पन्न किती?" लोकांना वाटलं आम्ही मालमत्ता कर वाढवायला आलोय. ज्यांच्या दारात दोन गाड्या उभ्या होत्या तेही म्हणाले, "काय नाय रं, भागतंय कसंबसं." मॅडमनी संध्याकाळी आमचे सगळे कागद बाजूला सारले. "घरी विचारलं की कमी सांगतात, वर्गात विचारलं की जास्त. उद्या जाऊन पहिल्यांदा पाणी मागा. बसा. प्रश्न नंतर." आज मी जे काही कमावतो ते या पाणी मागण्यावर. एका सर्वेक्षण संस्थेसाठी मी दारोदार मुलाखती घेतो. तिथे पदवीधराला प्रत्येक मुलाखतीमागे थोडे जास्त मिळतात. त्या फरकात एक कटिंग चहा आणि एक वडापाव येतो. ही माझ्या पदवीची आजची रोख किंमत, मी वाढवूनही सांगत नाही आणि लपवूनही ठेवत नाही.

आता या जूनचं सांगतो. ते सांगण्यासाठीच मी लिहायला बसलोय, बाकीचं वाटेत आलं.

मॅडम निवृत्त होणार, त्यांची जागा भरणार नाहीत, हे आधीच ठरलं होतं. वर संस्थेने कळवलं की पहिल्या वर्षाचा वर्ग पुरेसा भरला नाही तर समाजशास्त्राचा बीए बंद. म्हणजे मॅडमचं आयुष्यभराचं काम त्यांच्याबरोबरच दाराबाहेर. प्राचार्य सर माणूस वाईट नाहीत. ते म्हणाले, "मॅडम, या वेळी पगाराच्या तासाला जरा सेटल झालेली मुलं बोलवा. एवढ्या एका वर्षी."

मॅडमचा मला फोन आला.

"कुठे आहेस?"

"चिपळूणला."

"तिथे काय करतोस?"

"अजून ठरलं नाही."

"शनिवारी ये. पगार सांगायचाय."

"मॅडम, मला पगारच नाही."

"म्हणून तर बोलावतेय. दरवर्षी एकतरी असा लागतो. नाहीतर तो तास जाहिरात होतो."

त्या शनिवारी वर्ग भरलेला होता. आधी बँकेतला दादा बोलला, मग एक सरकारी नोकरीतली ताई, सगळे छान. आईबापांच्या माना डोलत होत्या. मागे उभे असलेले प्राचार्य सरही डोलत होते. मग मी उभा राहिलो. काही महिने बरं मिळतं, काही महिने काहीच नाही, पावसाळ्यात तर विचारू नका, असं सगळं सांगितलं. आईबापांच्या माना डोलायच्या थांबल्या.

तळवलीचे मढवी काका पहिल्या बाकावर होते. पांढरा शर्ट, गळ्यात जाड साखळी. गावात त्यांची चाळ आहे, तिच्या भाड्यावर घर चालतं. शेजारी त्यांची मुलगी प्राची, तिला समाजशास्त्रच घ्यायचं होतं.

"बाला, पास होऊन वरसा किती झाली तुला?" काकांनी विचारलं.

"तीन, काका."

"आनि पगार कवरा?"

"महिन्यावर आहे."

"म्हंजे?"

"म्हणजे तुम्ही कुठल्या महिन्यात विचारताय त्यावर."

पोरं हसली. काका नाही हसले. ते मॅडमकडे वळले. "मंग माजे पोरीला हेच्यासारखा करनार काय तुमी?"

"होऊ शकतं," मॅडम म्हणाल्या. "हमी नाही देत."

प्राचार्य सरांनी डोळे मिटले.

"अवं, माजे चालीच्या दोन खोल्यांचा भारा हेच्यापेक्षा जास्ती येतो!"

तेवढ्यात प्राची बोलली. आवाज शांत होता. "पप्पा, तुमच्या मागनं ती चाळ कोणाची?"

"दादाची. आनकी कोनाची? तू तं सासरी जाशील."

"आत्यांनी हक्क सोडायच्या सह्या दिल्या, तशी मी पण देणार ना? मग चाळीचं भाडं मला कशाला सांगताय? मला माझा पगारच विचारायला लागणार."

आमच्या भागात हे सगळ्यांना माहीत आहे. शहर वसवताना जमिनी गेल्या, बदल्यात प्लॉट मिळाले, चाळी उभ्या राहिल्या, आणि बहिणी हक्क सोडल्याच्या सह्या देऊन भावाने दिलेली साडी नेसून सासरी परत गेल्या. फक्त वर्गात कोणी बोलत नाही. काकांचं तोंड लाल झालं. "बघा! सगल्यांसमोर बोलतंय बघा हे पोर!"

मॅडमना तिथे भाषण करता आलं असतं. वर्ग वाचवायला याहून चांगला क्षण मिळाला नसता. त्यांनी आपली पाण्याची बाटली काकांसमोर ठेवली. "दादा, बसा. पाणी घ्या." मग प्राचीला म्हणाल्या, "पगार तुझा, तर प्रश्न पण तू विचार. विचार याला."

प्राचीने माझ्याकडे पाहिलं. तिने आकडा विचारला नाही. "दादा, एखादं काम सोडावंसं वाटलं आणि सोडता आलं नाही, असं झालंय का कधी?"

मी विचार केला. "नाही. प्रत्येक वेळी सोडता आलं."

"आणि पुढचं मिळालं?"

"मिळालं. लगेच नाही, पण मिळालं."

तिचा चेहरा उजळला. मलाही जरा बरं वाटलं, छाती थोडी फुगली. तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, "थांब प्राची, अर्धंच ऐकू नकोस. याला काम सोडता येतं, कारण खांदेश्वरला याची आई भात झाकून ठेवते. तेही धर हिशोबात. तू सोडशील तेव्हा कोण झाकून ठेवणार, हे आत्ता बघ."

सगळा वर्ग हसला. मी खाली बसलो. असं मला कोणी सांगितलं नव्हतं. इतके दिवस मी ते सगळं माझ्या धाडसाच्या नावावर मांडत आलो होतो.

मढवी काका मुलीला घेऊन निघून गेले. आणखी काही पालक उठले. प्राचार्य सर म्हणाले, "मॅडम, स्वतःच्या हाताने वर्ग बंद केलात." मॅडम म्हणाल्या, "सर, ती मुलं माझ्यावर विश्वास ठेवून तीन वर्षं देणार. निदान कशात देतायत ते त्यांना कळू दे."

नंतर त्या मला कँटीनमध्ये घेऊन गेल्या. चहा बशीत ओतला आणि तसाच ठेवला. मी त्यांना असं बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. बाहेर बघत म्हणाल्या, "मी बीएला गेले तेव्हा आमच्या वसाहतीत एकानेही विचारलं नाही, की पगार किती मिळेल. मुलीला पगार असतो हेच कोणाच्या डोक्यात नव्हतं. आता बाप भांडून विचारतो. बरंच झालं म्हणायचं ना?" मग बशी बाजूला सारत, "वर्ग राहिला असता तर बरं झालं असतं रे." मी वडापाव आणायला उठलो, कारण बसवत नव्हतं. चिपळूणला परत जायचं होतं, पण गेलो नाही. का, ते माहीत नाही. रोज सकाळी कॉलेजात येऊन मॅडमच्या टेबलाभोवती घिरट्या घालत होतो. त्या म्हणायच्या, "बस नाहीतर जा. मधे मधे फिरू नकोस, मला चक्कर येते."

प्रवेशाच्या शेवटच्या दिवशी दुपारी मढवी काका आले. स्कूटरवरून, मागे प्राची. कोणाशी न बोलता थेट मॅडमच्या टेबलापाशी.

"मॅडम, हेच्यावर वकिली करता येतं ना?"

"येतं. हे झालं की पुढची तीन वर्षं."

काकांनी मान हलवली, घाम पुसला. "पोर बोलली ते खोटा काय, सगली घरात इचारत व्हती, आत्या पन. चार दिवस जेवान गोड लागला नाय." मग मुलीकडे न बघता म्हणाले, "लिवा नाव. वकील झाली तं पयली केस माजेवरच टाकील, ठावं हाय मना. पर लिवा."

प्राची खिडकीबाहेर बघून हसत होती. मॅडमनी नाव लिहिलं. त्या हसल्या नाहीत, पण त्यांचं अक्षर नेहमी सरळ असतं, ते त्या दिवशी थोडं वर चढत गेलं.

वर्ग तरीही पुरेसा भरला नाही. खोटं कशाला लिहू. पण प्राचार्य सरांनी संस्थेकडे शब्द टाकला आणि एका वर्षाची मुदत मिळवली. अट अशी की शिकवायला कायम माणूस मिळणार नाही. मग मॅडमच तासिका तत्त्वावर शिकवायला तयार झाल्या. कालपर्यंत पूर्ण पगाराच्या प्राध्यापक, आजपासून जेवढे तास तेवढे पैसे. मी म्हटलं, "मॅडम, साठाव्या वर्षी हे?" त्या म्हणाल्या, "पुढच्या जूनला मी पण उभी राहीन. मानधन किती ते सांगायला नको का?" पुढच्या वर्षी वर्ग असेल की नाही, कोणालाच माहीत नाही. मॅडमना तरीही झोप लागते. मला लागत नाही. मी प्रात्यक्षिकाला मुलांना गावांत घेऊन जाईन असं कबूल केलंय, आणि कबूल केल्यापासून पाय शिवशिवतायत. तरी अजून इथेच आहे.

मॅडम, आता शेवटचं तुमच्याशीच बोलतो, वाचकांनी माफ करावं. समितीने सांगितलंय, शेवट शुभेच्छांनी कर. त्या देताना माझा स्वार्थ आहे. डिग्रीचा खरा पगार उशिरा सुरू होतो, असं तुम्ही आम्हाला सांगत आलात, आणि त्या भरवशावर एका बापाने आपल्या मुलीचं नाव लिहून दिलंय. तुमचं म्हणणं खरं की खोटं, ते काही पुढच्या जूनला कळणार नाही. प्राची चाळिशीची होईल, तिच्या हातात काय येतं, तिच्या नावावर काय आहे आणि नको ते काम तिला सोडता येतं का, हे दिसेल, तेव्हा कळेल. तोवर तुम्हाला राहावंच लागेल. रोज सकाळी चाला, गोड कमी खा, तब्येत ठणठणीत ठेवा. तुमचं चुकलं असेल तर भांडायला, आणि बरोबर निघालं तर पाया पडायला, आम्हाला माणूस समोर लागणार आहे. आणि तो दुसरा कोणी चालणार नाही.